पामुक्काले आणि काराहायित: तुर्कस्तानातील गरम पाण्याच्या झऱ्यांवर सुट्टी कशी घालवावी

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात, देनिझली शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, पामुक्काले नावाचे छोटे गाव आहे आणि त्या गावाच्या डोक्यावर चुनखडीच्या साठ्यातून तयार झालेला पांढराशुभ्र कडा उभा आहे. कड्याच्या माथ्यावर हिएरापोलिस या प्राचीन नगरीचे अवशेष पसरलेले आहेत. कडा आणि नगरी या दोहोंचा १९८८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत एकत्रित समावेश झाला. आपल्याकडच्या बहुतेक सहली येथे भर दुपारी पोहोचतात, दोन-तीन तास थांबतात, छायाचित्रे काढतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. एवढ्या वेळात ना नगरी नीट पाहून होते, ना गरम पाण्यात शांतपणे बसता येते. म्हणून ज्यांना सुट्टीसाठी जायचे आहे त्यांनी येथे किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: पांढऱ्या कड्यावरचे पाणी पाहण्यासाठी आणि पाय भिजवण्यासाठी आहे, तर अंग भिजवून निवांत बसण्याचे पाणी जवळच्या काराहायित गावात आहे. हा फरक आधीच लक्षात घेऊन आखणी केली, तर दोन्हींचा आनंद पुरेपूर मिळतो.

पांढरा कडा कसा घडला

या खोऱ्याच्या कडेने जमिनीत मोठे भ्रंश, म्हणजे खडकांतील खोल भेगा आहेत. पावसाचे पाणी त्या भेगांतून खोलवर मुरते, तापते आणि वर येताना चुनखडीच्या खडकांतील कॅल्शियम स्वतःत विरघळवून घेते. कड्याच्या माथ्यावर ते सुमारे पस्तीस अंश सेल्सिअस तापमानाला बाहेर पडते. उघड्यावर आल्यावर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसू लागते. हा थर आधी मऊ, खिरीसारखा असतो आणि हळूहळू कठीण होऊन त्याचा ट्रॅव्हर्टाइन नावाचा दगड बनतो. हजारो वर्षे हेच चालू राहिल्यामुळे उतारावर एकाखाली एक अशी अर्धवर्तुळाकार कुंडे तयार झाली आहेत.

नव्याने जाणाऱ्यांचा एक अपेक्षाभंग टाळण्यासाठी येथे स्पष्ट सांगायला हवे. जाहिरातींत दिसतात तशी सगळी कुंडे एकाच वेळी निळ्या पाण्याने भरलेली नसतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कड्याच्या माथ्यावर, थेट अवशेषांच्या मध्ये, हॉटेले बांधली गेली होती. ती झऱ्यांचे पाणी आपल्या तलावांत वळवत असत आणि उतारावरून एक रस्ताही काढण्यात आला होता. त्यामुळे कडा काळवंडू लागला. १९९०च्या दशकापासून ती हॉटेले हटवण्यात आली, रस्ता बंद झाला आणि त्या जुन्या रस्त्याच्या जागी कृत्रिम कुंडे तयार करण्यात आली. आज आपण ज्या वाटेने चालतो आणि ज्या कुंडांत उतरतो ती हीच. उरलेल्या उतारावर पाणी आळीपाळीने सोडले जाते, कारण सतत ओल्या राहिलेल्या भागावर शेवाळ धरते, तर मधूनमधून वाळू दिलेला थर पांढरा आणि कठीण होतो. तेव्हा कोरडा भाग दिसला म्हणून कडा मेला असे समजू नये. ती त्याची निगा राखण्याची पद्धत आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्र असणाऱ्यांना तुर्कस्तानचा व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा निवास परवाना असल्यास ठरावीक अटींवर ऑनलाइन ई-व्हिसा मिळू शकतो, अन्यथा व्हिसा केंद्रामार्फत अर्ज करावा लागतो. नियम बदलत असल्याने विमानाचे तिकीट काढण्याआधी तुर्की सरकारचे अधिकृत संकेतस्थळ आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची प्रवाससूचना दोन्ही पाहावीत. ई-व्हिसा मिळवून देतो असे सांगणारी, अधिकृत संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर हे काळ सर्वांत सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तीस अंशांच्या वर जातो आणि पांढऱ्या दगडावरून परावर्तित होणारे ऊन खालून वर तोंडावर येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. टोपीने ते ऊन अडत नाही. हिवाळ्यात कड्यावर अनवाणी चालताना पाय गारठतात, परंतु गर्दी अगदी कमी असते आणि थंड हवेत गरम पाण्यात बसण्याचे सुख त्याच दिवसांत खरे कळते. केवळ झऱ्यांसाठी जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीचा विचार अवश्य करावा.

सामानात पोहण्याचे दोन पोशाख असावेत आणि त्यांतील एक गडद रंगाचा असावा. त्याचे कारण काराहायितच्या पाण्यात आहे, ते पुढे येईल. पोहताना घालायची टोपी, गॉगल, सनस्क्रीन, पाण्याची बाटली आणि पादत्राणे ठेवता येतील अशी खांद्यावर अडकवायची कापडी पिशवी या वस्तू विसरू नयेत. ही पिशवी क्षुल्लक वाटते, पण कड्यावर पादत्राणे काढूनच चालावे लागते आणि दोन्ही हातांत बूट धरून ओल्या उतारावर तोल सांभाळणे त्रासाचे होते.

पोहोचणे आणि मुक्काम निवडणे

इस्तंबूलहून देनिझलीच्या चारदाक विमानतळापर्यंत देशांतर्गत विमानाने सव्वा तासाच्या आसपास लागतो. मात्र हा विमानतळ शहरापासून साठ किलोमीटरहून अधिक दूर आहे. विमानांच्या वेळा पाहून सुटणाऱ्या बसने शहरात यावे किंवा हॉटेलकडून गाडी मागवून घ्यावी. इस्तंबूलहून रात्रभराची बसही आहे आणि तुर्कस्तानातील लांब पल्ल्याच्या बस आरामदायी असतात. मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक आवडतो. इझमीरच्या बासमाने स्थानकातून देनिझलीला जाणारी रेल्वे सेल्चुक गावावरून जाते आणि सेल्चुकजवळच एफेसस ही प्राचीन नगरी आहे. एफेसस पाहून दुसऱ्या दिवशी रेल्वेने देनिझलीला आल्यास प्रवासाची सांगड सहज जमते. अंजिराच्या आणि ऑलिव्हच्या बागांमधून जाणारा हा प्रवास संथ आहे, परंतु कंटाळवाणा नाही.

देनिझलीचे बसस्थानक, म्हणजे तेथील भाषेत ओतोगार, रेल्वे स्थानकाच्या जवळच आहे. तेथून पामुक्काले आणि पुढे काराहायितपर्यंत दोल्मुश नावाच्या लहान बस दिवसभर धावतात. भाडे रोख देण्यासाठी थोडे सुटे लिरा जवळ ठेवावेत. लांब पल्ल्याच्या बसच्या तिकिटावर पामुक्काले असे छापलेले असले तरी ती गाडी बहुधा देनिझलीलाच थांबते आणि पुढचा टप्पा वेगळा करावा लागतो. तिकीट काढतानाच याची खात्री करावी. स्थानकावर उतरल्याबरोबर हॉटेल किंवा सहल विकण्यासाठी काही लोक पुढे येतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन थेट दोल्मुशचा फलाट गाठावा.

मुक्काम कोठे करावा, याचे उत्तर कोणत्या गोष्टीला प्राधान्य आहे यावर ठरते. पामुक्काले गावात लहान, घरगुती अतिथिगृहे आहेत आणि तेथून कड्याच्या पायथ्याचा दरवाजा पायी अंतरावर आहे. काराहायितमध्ये, सुमारे पाच किलोमीटर उत्तरेला, गरम पाण्याचे स्वतःचे तलाव असलेली हॉटेले आहेत. आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी काराहायित निवडावे, म्हणजे दिवसातून दोन वेळा पाण्यात उतरणे खोलीतून उठण्याइतके सोपे होते. आरक्षण करण्यापूर्वी मात्र हॉटेलला नेमके विचारावे की तलावात झऱ्याचे पाणी आहे की साधे तापवलेले, पुरुष आणि स्त्रियांच्या वेळा वेगळ्या आहेत का, आणि खोलीच्या न्हाणीघरातही झऱ्याचे पाणी येते का. पैशांच्या दृष्टीने नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह खोली घेणे बहुधा परवडते, पण शाकाहारी मंडळींनी त्याआधी जेवणाविषयीचा भाग वाचावा.

पोहोचल्याच्या दिवशी कड्यावर जाण्याची घाई करू नये. पायथ्याशी तळे असलेली एक बाग आहे. संध्याकाळी तेथून कडा खालून पाहावा, गावात फेरफटका मारावा आणि लवकर झोपावे.

दुसरा दिवस: उत्तरेकडून आत, पायथ्याकडून बाहेर

या स्थळाला तीन दरवाजे आहेत. पर्यटकांच्या मोठ्या गाड्या दक्षिण दरवाजाशी थांबतात आणि तेथून कडा व नगरीचा मध्यभाग जवळ पडतो. पायथ्याचा दरवाजा गावातून थेट पांढऱ्या उतारावर नेतो. तिसरा, उत्तरेचा दरवाजा काराहायितच्या बाजूला आहे आणि तेथून आत शिरावे, अशी माझी शिफारस आहे. काराहायितकडे जाणारी दोल्मुश पकडून चालकाला उत्तर दरवाजा सांगितले की तो तेथे उतरवतो. सकाळी दरवाजा उघडताच आत जावे. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात विचारून ठेवावे. परदेशी पर्यटकांसाठी तिकिटाचे दर बरेच जास्त आहेत. तुर्कस्तानात आणखी अनेक संग्रहालये आणि अवशेष पाहणार असाल तर एकत्रित म्युझियम पास किफायतशीर ठरतो का, याचा हिशेब आधीच करावा.

उत्तर दरवाजातून आत येताच नेक्रोपोलिस, म्हणजे मृतांची नगरी, सुरू होते. रस्त्याच्या दुतर्फा बाराशेहून अधिक समाध्या आहेत. गोल ढिगाऱ्यासारख्या, घरांसारख्या, दगडी पेट्यांसारख्या, काही कलंडलेल्या आणि काही ट्रॅव्हर्टाइनच्या थरात अर्ध्या बुडालेल्या. गरम पाण्यात बरे होण्यासाठी दूरदूरून लोक येथे येत आणि त्यांतील काही येथेच देह ठेवत, म्हणून एवढे मोठे दफनस्थान. वाटेच्या शेवटी, फ्रॉन्टिनसच्या दरवाजाजवळ, फ्लावियस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याची समाधी आहे. तिच्यावरील ग्रीक लेखात नोंद आहे की त्याने ग्रीसच्या दक्षिणेकडील मालेया भूशिराला वळसा घालून इटलीपर्यंत बहात्तर सफरी केल्या. समुद्रापासून एवढ्या आत राहणाऱ्या माणसाने इतक्या वेळा जहाजावर पाय ठेवला, याचा अर्थ येथील मालाला दूरवर मागणी होती. तो माल बहुधा लोकरी कापडाचा असावा. स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकाराने येथील पाणी लोकर रंगवण्यास उत्तम असल्याचे लिहून ठेवले आहे आणि रंगाऱ्यांच्या संघांचे उल्लेख येथील शिलालेखांत आहेत.

पुढे तीन कमानींचा आणि दोन बुरुजांचा दरवाजा लागतो. आशिया प्रांताचा रोमन अधिकारी फ्रॉन्टिनस याने तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सम्राट डोमिशियनच्या काळात बांधवला. इसवी सन ६०च्या सुमारास झालेल्या भूकंपाने नगरीची मोठी हानी झाली होती आणि आज दिसणारा मुख्य रस्ता, हा दरवाजा आणि पुढचे बरेच बांधकाम त्यानंतरचे आहे. मूळ नगरी मात्र त्याहून जुनी, पर्गामॉनच्या अट्टालिद राजांनी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वसवलेली. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा जन्म याच नगरीतला.

रस्ता संपल्यावर चढ सुरू होतो. उन्हे चढण्याआधी रंगमंदिर गाठावे. टेकडीच्या उतारात कोरलेल्या या रंगमंदिरात दहा हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकत. त्याच्या रंगमंचाच्या भिंतीवर अपोलो आणि आर्टेमिस यांच्या कथांची शिल्पपट्टी आहे. सर्वांत वरच्या रांगेत बसून समोर पाहिले की नगरी, कड्याची कड आणि पलीकडचे सपाट खोरे एकाच नजरेत येते. ज्यांच्या पायात बळ आहे त्यांनी येथून आणखी वर, संत फिलिप यांच्या अष्टकोनी स्मारकापर्यंत जावे. पाचव्या शतकातील या वास्तूजवळच फिलिप यांची समाधी सापडल्याचे इटालियन पुरातत्त्वज्ञांनी २०११ साली जाहीर केले. चढण उघडी आहे, सावली नाही, तेव्हा पाणी बरोबर हवेच.

उतरताना प्लुटोनियन पाहण्यास विसरू नये. पाताळाचा दरवाजा समजले जाणारे हे स्थान म्हणजे भ्रंशातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडणारे एक विवर होय. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि खाली मान असलेले जनावर त्यात गुदमरते, तर उभा माणूस वाचतो. आपण आत चिमण्या सोडल्या आणि त्या तत्काळ गतप्राण झाल्या, असे स्ट्रेबोने लिहिले आहे. सिबेले या देवीचे पुजारी आत जाऊन सुखरूप परत येत, त्याचे रहस्यही श्वास रोखून धरण्यात आणि डोके वर ठेवण्यात असावे. येथे कठडा ओलांडणे धोक्याचे आहे. लहान मुलांचा हात सोडू नये.

दुपारची उन्हे टाळण्यासाठी प्राचीन रोमन स्नानगृहाच्या इमारतीत असलेले संग्रहालय पाहावे. शेजारीच प्राचीन तलाव आहे, ज्याला लोक क्लिओपात्राचा तलाव म्हणतात. भूकंपात कोसळलेले संगमरवरी खांब त्याच्या तळाशी तसेच पडलेले आहेत आणि छत्तीस अंशांच्या पाण्यात त्यांच्यावरून पोहता येते. बारीक बुडबुडे अंगाला चिकटतात, ते या पाण्यातील वायूचे. पोहण्याचे शुल्क वेगळे आकारले जाते आणि दुरुस्तीसाठी तलाव मधूनमधून बंदही असतो, म्हणून तो सुरू आहे का हे आधी विचारून मगच त्यावर बेत बांधावा. पाण्यातील खांब बुळबुळीत असतात. त्यांच्यावर उभे राहण्याचा मोह आवरावा. गर्दीच्या वेळी हा तलाव माणसांनी गजबजून जातो आणि शांतपणे बसण्याचे समाधान मिळत नाही. म्हणूनच मी तो आवश्यक मानत नाही.

पांढरा कडा सर्वांत शेवटी, सूर्यास्ताच्या साधारण दोन तास आधी घ्यावा. कड्याचे तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे त्या वेळी उजेड समोरून येतो, दगड तापलेला नसतो आणि बहुतेक गाड्या परत गेलेल्या असतात. माथ्यावर पादत्राणे काढून पिशवीत ठेवावीत आणि खाली उतरू लागावे. पायाखाली दगडावर बारीक बारीक लाटांसारख्या कंगोऱ्यांची रचना जाणवते. काही ठिकाणी ती तळव्यांना टोचते, तरीही ती घसरू देत नाही. घसरण्याची भीती असते ती गुळगुळीत, सपाट भागावर. वरच्या टोकाला पाणी चांगले कोमट लागते आणि खाली उतरत जाल तसे गार होत जाते. कुंडांच्या तळाशी साचलेला पांढरा गाळ पायाच्या बोटांमधून अलगद वर येतो. तो उचलून अंगाला फासणारे पुष्कळ दिसतात, पण पाणी ढवळून गढूळ होते आणि मागून येणाऱ्यांना स्वच्छ कुंड मिळत नाही. ठरवून दिलेली वाट सोडून बाजूच्या उतारावर पाऊल टाकल्यास पहारेकरी लगेच शिट्टी वाजवतात, आणि ते योग्यच आहे. अजून कठीण न झालेला थर एका पावलाने मोडतो. वाट पायथ्याच्या दरवाजापाशी, म्हणजे थेट गावात संपते. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येईल असे गृहीत धरू नये.

ज्यांना हाच परिसर आकाशातून पाहायचा आहे त्यांच्यासाठी पहाटेची बलूनसफर आणि प्रशिक्षकासोबतचे पॅराग्लायडिंग उपलब्ध आहे. दोन्ही गोष्टी वाऱ्यावर अवलंबून असतात. म्हणून त्या पहिल्या सकाळसाठी ठरवाव्यात, म्हणजे रद्द झाल्यास दुसरी सकाळ हाताशी राहते. परवाना आणि विमा याविषयी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अंग भिजवण्यासाठी काराहायित

काराहायितचे पाणी पामुक्कालेपेक्षा बरेच गरम आहे आणि त्यात लोहाचे प्रमाण अधिक आहे. हवेशी संबंध येताच लोह गंजते. त्यामुळे येथील दगडी थर पांढरे न राहता तांबडे, पिवळे, कोठे हिरवट दिसतात. गावात उघड्यावर वाहणारे तांबडे झरे पाहता येतात. तुर्की कुटुंबे, विशेषतः वयस्कर मंडळी, सांधेदुखीवर उतारा म्हणून येथे आठवडाभर मुक्काम करतात आणि संध्याकाळी कठड्यावर बसून पाय पाण्यात सोडून गप्पा मारताना दिसतात. पाणी कपड्यांना तांबूस डाग पाडते, म्हणून गडद पोशाख. चांदीचे दागिनेही खोलीतच काढून ठेवावेत.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर जाण्याची सवय असणाऱ्यांना गरम पाण्याचा स्पर्श नवा नाही, मात्र येथील शिस्त वेगळी आहे. तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून शॉवरखाली आंघोळ करायची असते, तलावात साबण किंवा तेल न्यायचे नसते, आणि अनेक ठिकाणी डोक्याला टोपी घालणे सक्तीचे असते. अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख येथे सर्रास चालतो. तुर्की स्त्रियांपैकी अनेक जणी तसाच घालतात, त्यामुळे आपल्याकडील ज्येष्ठ स्त्रियांना संकोच वाटण्याचे कारण नाही. साध्या सुती कपड्यांत किंवा साडीत मात्र पाण्यात उतरू देत नाहीत.

पहिल्या वेळी दहा मिनिटे पुरेत. त्यानंतर बाहेर येऊन पाणी प्यावे, अर्धा तास पडून राहावे आणि मग वाटल्यास पुन्हा पंधरा-वीस मिनिटांसाठी उतरावे. भरल्या पोटी उतरू नये. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब खाली येतो, म्हणून एकदम उभे राहिल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते. कठडा धरून सावकाश उठावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाण्यात जाऊच नये. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाण्याचे तापमान आधी कोपराने तपासावे किंवा सोबतच्या माणसाकडून तपासून घ्यावे, कारण पाय भाजला तरी कळत नाही. या पाण्याने दुखणे कायमचे बरे होते, असा दावा कोणी केला तर त्यावर औषधे बंद करू नयेत. आखडलेले स्नायू सैल होतात, झोप गाढ लागते, आणि सुट्टीसाठी तेवढे पुष्कळ आहे.

हमाम

झऱ्यावर गेलेल्या माणसाने एक संध्याकाळ तुर्की हमामसाठी राखावी. नव्या माणसाला तेथे काय करायचे हे कळत नाही, म्हणून क्रम सांगतो. आत गेल्यावर पेश्तेमाल नावाचा पातळ, चौकटीचा सुती पंचा मिळतो. तो कमरेला किंवा काखेखाली गुंडाळायचा असतो आणि शेवटपर्यंत काढायचा नसतो. आत घुमटाखाली मध्यभागी खालून तापवलेला मोठा संगमरवरी ओटा असतो. त्यावर पंधरा-वीस मिनिटे पडून घाम येऊ द्यावा. भिंतीलगत दगडी कुंड्या असतात, त्यांतले पाणी धातूच्या वाडग्याने अंगावर घ्यावे, कुंडीत हात किंवा साबण बुडवू नये. मग सेवक, स्त्रियांच्या बाजूला सेविका, केसे नावाच्या खरखरीत हातमोज्याने अंग घासतात. कातडीवरून करड्या वळ्या निघतात, त्याने लाजून जाऊ नये, सर्वांच्याच निघतात. जोर जास्त वाटल्यास ‘यावाश’ म्हणावे, म्हणजे ते हात हलका करतात. त्यानंतर फेसाने भरलेली कापडी पिशवी अंगावर पिळतात, फेसाखाली चोळतात आणि पाणी ओतून मोकळे करतात. शेवटी कोरडे पंचे गुंडाळून बाहेरच्या खोलीत चहा पीत बसायचे. हॉटेलांतील काही हमामांत स्त्री-पुरुष एकत्र असतात किंवा सेवक पुरुषच असतो. वेळ ठरवतानाच हे विचारून घ्यावे. उन्हाने कातडी भाजलेली असेल त्या दिवशी केसे करून घेऊ नये.

शाकाहारी जेवण

देनिझलीची ओळख भट्टीत भाजलेल्या कोकराच्या कबाबासाठी आहे, तरीही शाकाहारी माणूस येथे उपाशी राहत नाही. पामुक्काले गावात तव्यावर पातळ पोळी लाटून भाजणाऱ्या बायका दिसतात. पालक, चीज किंवा बटाटा भरलेली ही गोझलेमे आपल्या जिभेला लगेच रुचते आणि डोळ्यांसमोर तयार होते. ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेल्या भाज्या, भात भरलेली द्राक्षाची पाने, चीज घातलेली पिदे नावाची भट्टीत भाजलेली रोटी, दही, आयरान नावाचे ताक आणि सकाळच्या नाश्त्यातील ऑलिव्ह, टोमॅटो, मध एवढ्यावर दिवस उत्तम निभावतो. मसुराचे सूप आणि भात मात्र अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजवलेले असतात. ‘एत सुयू वार म’ असे विचारले की त्यात मांसाचे पाणी आहे का ते कळते. भरलेल्या पानांतही कधी खिमा असतो, त्यासाठी ‘एतसिझ’, म्हणजे मांसाविना, असे सांगावे. काराहायितच्या हॉटेलांतील रात्रीची जेवणे बुफे पद्धतीची असतात आणि त्यांत भाज्यांचे पदार्थ पुरेसे असतात, पण नावांच्या पाट्या तुर्कीतच असतात.

आणखी एक दिवस मिळाल्यास

देनिझलीच्या वाटेवरच लाओडिकिया ही प्राचीन नगरी आहे आणि दोल्मुशने तिच्या जवळ उतरता येते. येशूच्या अनुयायांच्या ज्या सात जुन्या चर्चांना उद्देशून बायबलच्या शेवटच्या ग्रंथात संदेश आहेत, त्यांतील एक येथले होते. त्या संदेशात या मंडळीला तू ना गरम, ना थंड, कोमट आहेस, असे सुनावले आहे आणि समोरच्या डोंगरावरील गरम झरे पाहताना तो दाखला कोठून आला असावा हे उमगते. नळांच्या मार्गाने आणलेले पाणी या नगरीला मिळत असे आणि चुन्याने आतून जवळपास बुजलेले ते मातीचे नळ येथे आजही पाहायला मिळतात. पामुक्काले विद्यापीठाचे उत्खनन चालू असल्याने रस्ते, मंदिरे आणि चर्च यांची पुनर्रचना वेगाने पुढे जात आहे. दोन-तीन तास द्यावेत.

ज्यांना शिल्पकलेची ओढ आहे त्यांनी मात्र पूर्ण दिवस काढून अफ्रोडिसियासला जावे. सार्वजनिक वाहनाने ते अवघड आहे, पामुक्कालेहून निघणारी सहल किंवा भाड्याची गाडी घ्यावी. २०१७ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या या नगरीतील धावण्याच्या शर्यतींचे क्रीडांगण जवळजवळ अखंड उभे आहे आणि तेथे पर्यटकांची गर्दी हिएरापोलिसच्या मानाने नगण्य असते. लहान मुले बरोबर असल्यास काक्लिक गुहा बरी. जमिनीखाली पामुक्कालेसारखीच छोटी पांढरी कुंडे तेथे आहेत, गंधकाचा वास मात्र सोसावा लागतो.

खरेदी आणि परतीचा प्रवास

देनिझली हा आजही कापडाचा जिल्हा आहे. पंचे, टॉवेल आणि हमामचे झगे येथे इस्तंबूलपेक्षा स्वस्त आणि चांगले मिळतात. जिल्ह्यातीलच बुल्दान गाव सुरकुत्या असलेल्या पातळ सुती कापडासाठी प्रसिद्ध आहे. सोलापूरच्या टॉवेलांची पारख असणाऱ्याने पेश्तेमाल घेताना तो पाण्यात एकदा भिजवून पाहण्याची परवानगी मागावी, निदान विणीवर पाण्याचा थेंब टाकून तो लगेच शोषला जातो का ते पाहावे. कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर थेंब वर तरंगतो. सेरिनहिसारचे भाजलेले चणे, म्हणजे लेब्लेबी, घरी नेण्यास सोयीचे आहेत.

विमानाने परतणार असाल तर चारदाकला जाणारी बस आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवावी, कारण ती चुकल्यास टॅक्सीचे भाडे बरेच पडते. काराहायितच्या पाण्यात वापरलेला पोशाख शेवटच्या दिवशी साध्या पाण्यात दोनदा खळबळून, पूर्ण वाळवून आणि वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेत ठेवावा, नाहीतर त्याचा तांबूस रंग नव्या पांढऱ्या टॉवेलांना लागतो.